‘सोड’ म्हणायचं नाही

९ फेब्रुवारी
दौऱ्याचं दुसरं वर्ष, सत्ताविसावं मैदान

ताई,

नमस्कार. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी फोन केला की बाबा स्पीकर लावून बसतात, आणि मला जे विचारायचंय ते त्यांच्यासमोर विचारता येत नाही. तू चष्म्याच्या काचा घासता घासता वाच. घाई नाही. म्हणजे आहे, पण असो.

मी बरा आहे. जेवण बेचव, झोप पुरेशी. दीड वर्ष झालं, एका देशात मांडव उभा करायचा, तीन दिवसांनी मोडायचा, पुढच्या देशात पुन्हा उभा करायचा. चिमणी मजेत आहे. चिमणी म्हणजे आमची गायिका. पोस्टरवर तिचं मोठं नाव असतं, पण आम्ही दोऱ्या-तारावाले तिला चिमणीच म्हणतो. धड पाच फूट नाही आणि सदा उंचावर बसलेली. गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः लावते, आणि साठ हजार माणसं ती पाठ म्हणतात.

शेवटच्या गाण्याला ती झोपाळ्यावर बसते आणि झोपाळा दोन तारांवरून लोकांच्या डोक्यांवरून फिरतो. तो फिरवणारा मी. माझ्या हातात एक डबी, डबीवर बटण. दाबून धरलं की मोटार चालते, बोट उचललं की झोपाळा जागच्या जागी थांबतो. नाट्यगृहातल्या बाबांच्या दोरीच्या अगदी उलट. तिथे सोडलं की पडायचं, इथे सोडलं की थांबतं. पण माझा हात अजून दोरीवालाच आहे. एकदा धरलं की सुटत नाही. आमच्या हेडबाई सगळ्यांना कौतुकाने सांगतात, याची पकड बघा.

गुडघा गेल्यावर बाबांनी केलेला नियम मी इथेही लावलाय. माझ्या टोळीत ‘सोड’ हा शब्द कामावर उच्चारायचा नाही. सैल करायचं तर ‘ढील’, थांबवायचं तर ‘थांब’. सगळे हसतात, पण पाळतात.

आता ऐक. चिमणीने नवं गाणं लिहिलंय आणि पुढच्या मैदानापासून झोपाळ्यावर तेच गाणार आहे. ती वरून म्हणते, ‘मला वाऱ्यावर…’ आणि खालून सगळ्यांनी ओरडायचं, ‘सोड!’ असं चार वेळा. वाऱ्यावर सोडणं म्हणजे माणसाला टाकून देणं, पण तिला त्यात मोकळं होणं दिसलं. डोकं आहे बाईला. मला मात्र सरावातच घाम फुटला.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला एकदा ओळीने लिहू दे. अठरा वर्षांपूर्वी नाट्यगृहात बाबा शिडीवर चढून लाईटचा लोखंडी दांडा बांधत होते आणि दांड्याची दोरी माझ्या हातात होती. मला ‘सोड’ असं ऐकू आलं. मी सोडली. दांडा खाली आला आणि बाबांचा गुडघा गेला. नंतर विचारलं तर सगळे म्हणाले, कोणी काही बोललं नाही. बाबा दवाखान्यातून घरी आल्यावर म्हणाले, मीच म्हणालो. पण बाबांचा आवाज मी ओळखणार नाही का? मी ऐकला तो बारीक आवाज होता, बाईचा, विंगेतून आलेला.

तू त्या दिवशी डबा घेऊन आली होतीस. विंगेत कोणी होतं का? एवढंच सांग.

तुझा,
गट्टू

*

२१ फेब्रुवारी

गट्टूस आशीर्वाद आणि एक धपाटा,

धपाटा अशासाठी, की दोन महिन्यांनी पत्र लिहिलंस आणि त्यात माझी चौकशी एका ओळीचीसुद्धा नाही. मी ठीक आहे. दुकानात नवीन मशीन आलंय, काच आपोआप कापतं आणि आपोआप फोडतं. मालकांनी पुन्हा माझ्या हाताखाली जुनंच चाक दिलंय. बाबा रोज तुझा नकाशा बघतात. तू ज्या देशात असशील तिथलं हवामान सांगतात आणि मग आपल्याकडे पंखा लावायचा की नाही ते त्यावरून ठरवतात. डोकं फिरतं माझं.

तू विचारलंस त्याचं उत्तर: विंगेत कोणी नव्हतं. मी डबा दाराशी ठेवला आणि निघाले. आवाज वगैरे तुझ्या मनाचे खेळ आहेत. बाबा म्हणतात ना, मी म्हणालो? मग झालं. मोठ्या माणसाने एकदा सांगितलं की वडाची साल पिंपळाला लावत बसू नये. गाण्यातला शब्द तो गाण्यातला शब्द, कामातला तो कामातला. तू बाबांचा मुलगा आहेस, चाळीस वर्षांचा घोडा आहेस, उगाच शब्दांना काय भितोस?

आणि हे कोणाजवळ बोलू नकोस तिकडे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्या हेडबाईंना कळलं की तुला भास होतात, तर तुझ्या हातात डबी ठेवतील का?

स्वेटर घालत जा. तो विषय सोड.

तुझी,
ताई

*

६ मार्च
एकोणतिसावं मैदान

ताई,

तूही ‘सोड’च लिहिलंस बघ. वाचून हसलो. नंतर हसू गेलं.

नव्या गाण्याचे दोन कार्यक्रम झाले. पहिल्यात लोकांनी ‘सोड!’ म्हटल्याबरोबर माझं बोट बटणावर असं रुतलं, की नख पांढरं पडलं. ठरल्या जागी थांबायचं होतं, चिमणी दोन हात पुढे गेली. तिने सांभाळून घेतलं, पाय हलवत हसली, लोकांना वाटलं मुद्दामच. दुसऱ्या कार्यक्रमात आणखी वाईट. लोक ओरडतात त्याच्या मागून मला तो बारीक आवाज आला. तोच. अठरा वर्षांत जसाच्या तसा, जरा हसरा. हो, हसरा. हे मी तुला आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण ऐकणाऱ्याला मी वेडा वाटेन. बाप शिडीवर असताना ‘सोड’ म्हणून कोण हसेल?

तू खात्रीने सांगतेस की विंगेत कोणी नव्हतं. तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. म्हणजे माझे कान खोटे आहेत, आणि खोट्या कानांवर त्या बाईचा जीव टांगायचा नाही, एवढं मला कळतं. तेव्हा मी तोड काढलीय. शेवटच्या गाण्याला हेडफोन काढून ठेवायचा आणि कानात कापसाचे घट्ट बोळे. नुसत्या डोळ्यांनी काम करायचं. समोरच्या खांबावर माझा जोडीदार बोका असतो. (उभ्या उभ्या झोपतो म्हणून बोका, पण कामाला पक्का.) आतापर्यंत तो हेडफोनवर ‘थांब’ म्हणायचा. आता काही बिघडलं तर लाल बॅटरी दाखवेल. मला दिसली की मी बोट उचलीन.

हेडबाईंना सांगितलं नाही. तुझा सल्ला ऐकला.

२ एप्रिलला चौतिसावं मैदान आहे, सगळ्यात मोठं. खांब दीडपट उंच, वर छप्पर नाही, वारा मोकाट. तोवर बोळ्यांची सवय करून घेतो.

गट्टू

*

१४ मार्च

गट्टू,

तुझं पत्र आत्ता मिळालं. दुकानात उभ्याउभ्याच लिहितेय.

कानात बोळे घालू नकोस. अजिबात नाही. हा काय वेडेपणा? इतक्या उंचावर बाई टांगलेली आणि खाली हा बहिरा! बॅटरी दिसली नाही तर? कोणी मध्ये आलं तर? तुझे कान चांगले आहेत. लहानपणी बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर असताना तू ओळखायचास की आज ते रागावलेत.

ऐक माझं. का ते विचारू नकोस.

ताई

*

२२ मार्च
बत्तिसावं मैदान

ताई,

‘का ते विचारू नकोस’ हे मी सहा वर्षांचा असताना चालायचं.

बोळे घालून तीन कार्यक्रम केले. हात शांत. बोट वेळेवर उचललं जातं, झोपाळा खडूच्या खुणेवर थांबतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, ताक फुंकून पिणारच. आता तू म्हणतेस कान चांगले आहेत. मग त्या दिवशी मी काय ऐकलं? एक तर विंगेत कोणीतरी होतं, नाही तर मी बापाला उगाचच पाडलं. तिसरं काही असेल तर मला सांग.

कारण दे. कारण दिलंस तर बोळे काढतो. नुसता हुकूम नको, हुकमावर हात सोडून काय होतं ते मी बघितलंय.

३० मार्चपासून आम्ही चौतिसाव्या मैदानावर. पत्ता मागे लिहिलाय, कामगारांच्या फाटकाचा. तिथे नाव सांगितलं की मिळतं.

गट्टू

*

२८ मार्च

गट्टू,

हे पत्र खाली बसून वाच.

विंगेत मी होते.

डबा दाराशी ठेवला हे खोटं. मी आत आले होते. आपल्या नाट्यगृहातला तो लाईटवाला आठवतो? शिट्टी वाजवत फिरायचा तो. आमचं जमलं होतं, चार महिने. कोणाला पत्ता लागू दिला नव्हता, तुलाही नाही. दांड्याखाली कोणी जात नाही ना, हे बघत तिथे उभं राहणं त्याचं काम होतं. काम टाकून तो माझ्याशी बोलत बसला आणि मी बसू दिलं. मी निघाले तसा त्याने माझा हात धरला. बाबांना कधी सांगतेस ते बोल, नाही तर हात सोडत नाही, म्हणाला. मी हसून म्हटलं, ‘सोड!’ फार मोठ्याने नाही. पण पडद्यापलीकडे तू होतास.

पुढचं तुला ठाऊक आहे.

चौकशी झाली तेव्हा तो म्हणाला, गप्प बस, दोघांचीही वाट लागेल. मी गप्प बसले. वाटलं, बाबा बरे होऊन घरी आले की सांगेन. ते आले, आणि दारातच म्हणाले, ‘मीच म्हणालो सोड, आता हा विषय बंद.’ मला सुटल्यासारखं झालं, गट्टू. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. महिन्याभरात तो दुसरीकडे कामाला गेला. मी त्याला भेटले नाही. माझं लग्न का झालं नाही म्हणून तू मला किती वेळा छेडलंस. दर वेळी मनात यायचं, आज सांगावं. जिभेला हाड नसतं म्हणतात. बोलायचं नव्हतं तेव्हा माझी सुटली, आणि बोलायचं होतं तेव्हा टाळ्याला चिकटून बसली.

काल तुझं पत्र आलं आणि मी तडक घरी गेले. बाबा काठीचं रबर बदलत होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हटलं, बाबा, त्या दिवशी मी म्हणाले होते सोड.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘माहीत आहे गं.’

‘कसं?’

‘शिडीवरून विंग दिसते. त्याने तुझा हात धरला होता आणि तू हसत होतीस. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसताना दिसलीस. तेवढ्यात दांडा आला.’

मी चपला काढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, मग बोलला का नाहीत?

‘काय बोलायचं? पोरगी हसली म्हणून माझा पाय गेला, असं सांगायचं लोकांना? मी माझ्या अंगावर घेतलं की तूही सुटलीस आणि गट्टूही. त्याला हुकूम मिळाला, त्याने पाळला. त्यात त्याची काय चूक?’

मग मी त्यांना तुझी पत्रं वाचून दाखवली. सगळी. तुमचा आवाज नव्हता हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे बाबा, म्हटलं. अठरा वर्षं तो समजतोय की त्याला भास झाला आणि त्याने तुम्हाला पाडलं. त्यांच्या हातातलं रबर खाली पडलं ते त्यांना उचलता येईना. मी कधी बाबांना असं रडताना बघितलं नव्हतं.

ते म्हणाले, ‘लिही त्याला, आत्ताच्या आत्ता लिही. म्हणावं, कान शाबूत आहेत.’

तर गट्टू, तुझे कान शाबूत आहेत. तू ऐकलंस ते खरं होतं. बाईचा आवाज, बारीक, हसरा; माझा असा हसरा आवाज तू आई गेल्यापासून ऐकलाच नव्हतास, ओळखणार कसा? कोणीतरी बोललं म्हणूनच तुला ऐकू आलं. ते बोळे काढ. मला काय शिव्या द्यायच्या त्या नंतर दे.

कुरियरवाल्याने दोन तारखेच्या दुपारपर्यंत पोचेल असं सांगितलंय. नक्की नाही म्हणाला.

ताई

*

३ एप्रिल, सकाळ

गट्टू,

आत्ताच बातम्यांत दाखवलं. दौऱ्यात अपघात टळला, झोपाळा अर्ध्यात अडकला, एवढंच. एका बाजूला कललेला झोपाळा दाखवतात आणि पुढची बातमी लावतात. कोणाचं काय झालं ते सांगत नाहीत. तुझा फोन बंद आहे. हेडबाईंच्या नंबरावर कोणी उचलत नाही. बाबा देवासमोर नाही, नकाशासमोर बसलेत. चहा दिला तर घेत नाहीत.

पत्र मिळालं होतं का, तेवढं सांग. आमचा जीव टांगणीला लागलाय.

ताई

*

३ एप्रिल
चौतिसावं मैदान

ताई,

सगळे जिवंत आहोत. फोन चौकशीवाल्यांनी काल रात्रीच सगळ्यांचे गोळा केले, परवा मिळतील, म्हणून हे. आमच्यातला एक जण आज तुमच्या बाजूला उडतोय, त्याच्या हाती देतोय. उद्यापर्यंत तुला मिळेल.

तुझं पत्र काल चार वाजता फाटकावर मिळालं. तारेच्या वेटोळ्यावर बसून वाचलं. सांगतो ते खरं सांगतो, मला तुझा इतका राग आला की पत्र चुरगाळून फेकलं, मग उठून पुन्हा आणलं. अठरा वर्षं! रोज बाबांची काठी वाजली की मला वाटायचं, हे मी केलं, मी, माझ्या डोक्यातल्या भुताने. आणि तू समोर बसून ताटं वाढत होतीस. सहा वाजेपर्यंत मी खांबामागे येरझारा घालत होतो. बोका विचारत होता, घरी सगळं ठीक ना? मी म्हटलं, माझे कान ठीक आहेत. तो म्हणाला, ते कुठे विचारलं?

बोळे खिशात होते. शेवटचं गाणं आलं तेव्हा मी ते काढून पायाखाली टाकले, हेडफोन चढवला आणि बोक्याला म्हटलं, ऐकतोय.

वारा होता. रंगमंचावरून पांढरा धूर सोडतात ना, तो वाऱ्याने सगळा आमच्या दोघांच्या मध्ये आणून उभा केला. बोक्याचा खांब दिसेना, त्याची बॅटरी तर सोडूनच दे. चिमणी मैदानाच्या मध्यावर पोचली. ‘मला वाऱ्यावर…’ ‘सोड!’ माझा हात घट्ट. दुसऱ्यांदा ‘सोड!’ तिसऱ्यांदा ‘सोड!’ आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये कानात आणखी एक ‘सोड!’ आला.

लोक तालात ओरडतात. हा बेताल होता.

अठरा वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न पडला नाही की हे खरं की भास. ऐकू आलं म्हणजे कोणीतरी बोललं. मी बोट उचललं. झोपाळा खाडकन थांबला आणि डावीकडे कलला. डावी तार चाकावरून उतरली होती. बोक्याला ती धुराच्या वर दिसली. बॅटरी दाखवून उपयोग नव्हता, म्हणून तो हेडफोनमध्ये ओरडला. आणखी दोन हात झोपाळा गेला असता तर तार पूर्ण निसटली असती. हे मी नाही, आज तपासणीला आलेला इंजिनिअर म्हणाला.

चिमणी बहाद्दर. एका हाताने साखळी धरून, तिरकी बसून, तिने गाणं पुरं केलं, वाद्यं बंद पडली तरी. लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग. शिडीची गाडी आत आणून तिला उतरवायला वीस मिनिटं लागली. खाली आल्यावर ती आधी आमच्याकडे आली. तिने विचारलं, कोणी थांबवलं? मी हात वर केला, तर म्हणाली, ‘एवढ्या गोंगाटात तुम्हाला ऐकू कसं आलं?’ मला हसू आवरेना आणि मग रडूही.

बोका खांबावरून उतरून कान धरूनच आला. ‘उस्ताद, नियम मोडला. थांब म्हणायचं होतं, पण डोळ्यांसमोर तुमचं बोट आलं नि तोंडातून सोड गेलं.’ मी त्याला मिठी मारली. बोळे घातले असते तर तो काहीही ओरडला असता, ताई, ‘थांब’ काय आणि ‘सोड’ काय.

हेडबाईंना सगळं सांगितलं, बाबांच्या गुडघ्यापासून बोळ्यांपर्यंत. त्यांनी डबी हातात घेऊन बटण दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाल्या, पंधरा दिवस घरी जाऊन ये, डबी तुझीच आहे.

तेव्हा १० तारखेला येतोय. बाबांना सांग, शिडीवरून दिसलेलं सगळं मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. त्यांच्या काठीला मी इकडून चांगलं रबर आणतोय. आणि त्यांना सांग, तुम्ही खोटं बोललात ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, फक्त कोणासाठी बोललात ते कळलं नव्हतं.

आणि तू. घराला कुलूप लावून कुठे जाऊ नकोस. डोळे पुसून, चष्मा लावून, दारात उभी राहा. खूप बोलायचंय, खूप भांडायचंय. त्या शिट्टीवाल्याचं नावसुद्धा मला नीट आठवत नाही, तेही सांगावं लागेल. बाबांनी सोडून दिलं असेल, हेडबाईंनी मला सोडलं असेल, पण तुला मी सोडणार नाही.

तुझा,
गट्टू